पोळी सुटली, गहू सुटला नाही: आतड्याच्या प्रतिकारशक्तीचे इंदूरमधले एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. माळव्यात सीलिअ‍ॅक आजाराचे निदान ज्या ज्या वळणांवर अडते, ती सारी वळणे एकाच रुग्णेच्या वाट्याला आली आहेत असे धरून ते अभ्यासासाठी रचले आहे. सीलिअ‍ॅक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनावर प्रतिकारशक्ती उठते आणि लहान आतड्याला इजा होते तो आजार. तपासण्यांचे आकडे रचलेले आहेत, पण बाह्यरुग्ण विभागात दिसतात तशाच पातळीचे.

पहिली भेट

वय ३४, राहणार रामबाग, इंदूर, शाळेत शिक्षिका. घरात नवरा, सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ४६ किलो. तक्रारी पाच वर्षांच्या: जिना चढताना धाप, केस गळणे, जेवणानंतर पोट ढोलासारखे फुगणे, दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौच, वारंवार तोंड येणे.

हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६६, फेरिटिन (लोहाचा साठा) ५, तिन्ही कमी. ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम. यकृताच्या एएलटी या एन्झाइमची पातळी ५८, म्हणजे किंचित वाढलेली. थायरॉईड ठीक.

आधीच्या कागदांत चार गोष्टी सापडल्या. पाळीत रक्त जास्त जाते म्हणून लोहाच्या गोळ्या आठ महिने, हिमोग्लोबिन ७.५ वरून ७.८ वर. आमांश समजून मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स. मग आयबीएसचे, म्हणजे चिडखोर आतड्याचे, लेबल. आणि दुर्बिणीची एक तपासणी, जिचा अहवाल ‘लहान आतड्याच्या सुरुवातीला सौम्य, अविशिष्ट दाह’ एवढाच होता.

यातला लोहाचा आकडाच खरे तर पुरेसा बोलका होता. गोळ्या नियमित पोटात जात असतील तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने चढायला हवे. आठ महिन्यांत ०.३ ग्रॅम चढते तेव्हा गोळ्या घेतल्या जात नाहीत, रक्त जाण्याचा वेग फार आहे, किंवा लोह शोषले जात नाही. लोह मुख्यतः ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषले जाते. सीलिअ‍ॅकचा घावही सर्वांत जास्त तिथेच बसतो. जुलाब नसलेल्या रुग्णांतही पांडुरोग हे एकमेव लक्षण असू शकते ते यामुळे.

पॅनल आणि मावसबहिणीचा सल्ला

निदान लागत नाही म्हटल्यावर रुग्णेने स्वतःच ‘फूड इनटॉलरन्स पॅनल’ करून घेतले होते. दोनशेच्या आसपास पदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे मोजणारी ही तपासणी. १९ पदार्थ लाल रंगात आले: दूध, तूरडाळ, वांगे, शेंगदाणे, हळदसुद्धा. त्यांनी ते सारे सोडले आणि दोन महिन्यांत ३ किलो वजन गमावले.

या पॅनलबद्दल स्पष्ट बोललेले बरे. अन्नाविरुद्धची आयजीजी ही आजाराची खूण नाही, तो पदार्थ तुम्ही खाता याची नोंद आहे. आयजीजी-४ हा उपप्रकार तर सहनशीलतेच्या सोबतीने येतो. रोज वरण खाणाऱ्या माणसाच्या रक्तात तुरीविरुद्धची आयजीजी सापडणे हे घराच्या उंबऱ्यावर घरच्याच माणसांच्या पावलांचे ठसे सापडण्यासारखे आहे. त्यावरून चोर ठरवायचा नसतो.

नंतर मावसबहिणीच्या सांगण्यावरून पोळी बंद झाली आणि ज्वारीची भाकरी सुरू झाली. पोट निम्म्याने शांत झाले. सात महिन्यांनी कोणीतरी टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी रक्तातली प्रतिपिंडे) तपासायला सांगितले, तेव्हा ते २४ आले. त्या प्रयोगशाळेची मर्यादा १०. दुर्बीण घालून आतड्याचे दोन तुकडे घेतले, तर वर सांगितलेला ‘अविशिष्ट दाह’. म्हणजे रक्त थोडे होय म्हणते, तुकडा नीट काही सांगत नाही, आणि रुग्णा तोवर अर्धवट पथ्यावर. सर्वांत गोंधळाची अवस्था हीच.

पोळी सोडली होती, पण गहू सोडला नव्हता. उपमा चालू होता, शाळेतल्या वाढदिवसांचा केक चालू होता, रविवारी दाल-बाफल्यांतला ‘एखादाच’ बाफला (कणकेचा गोळा) चालू होता. दाह टिकेल एवढा गहू पोटात जात होता, पण निदान ठसठशीत दिसेल एवढा नव्हता.

निदान सरळ कसे केले

आधी एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक वर्ग) मोजले: २१० मिलिग्रॅम, ठीक. ही पायरी गाळली जाते आणि ते महागात पडते. सीलिअ‍ॅकच्या दर शंभर रुग्णांत दोघा-तिघांना आयजीए जन्मतःच नसते. त्यांची टीटीजी-आयजीए तपासणी कितीही दाह असला तरी निगेटिव्ह येणार. अशांना आयजीजी वर्गातली तपासणी, शक्यतो डीजीपी-आयजीजी, करावी लागते.

मग एचएलए, म्हणजे पेशींवर प्रथिनांचे तुकडे मांडणाऱ्या रेणूंच्या जनुकांची तपासणी. सीलिअ‍ॅकच्या जवळजवळ सर्व रुग्णांत एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ असते. पण ते एकूण लोकसंख्येत साधारण एक तृतीयांश माणसांतही असते. म्हणून ही तपासणी ‘आहे’ म्हणायला निरुपयोगी आणि ‘नाही’ म्हणायला उत्तम. निगेटिव्ह आली असती तर रुग्णेला पुन्हा गहू खायला लावायची गरजच नव्हती. डीक्यू२ पॉझिटिव्ह आले, म्हणून पुढची पायरी.

ती पायरी म्हणजे गहू परत सुरू करणे. एका मध्यम पोळीला सुमारे २५ ग्रॅम कणीक लागते, कणकेत ११-१२ टक्के प्रथिने आणि त्यांतले पाऊण ग्लुटेन. म्हणजे एका पोळीत साधारण सव्वादोन ग्रॅम. रोज दोन पोळ्या, आठ आठवडे. हिमोग्लोबिन ७.८ असताना आठ आठवडे नुसते थांबणे योग्य नव्हते, म्हणून लोह शिरेवाटे दिले. गणझोनीच्या सूत्राने गरज: ४६ × (१५ − ७.८) × २.४ + ५०० = सुमारे १३०० मिलिग्रॅम. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज पहिल्या आठवड्यात ७५०, पुढच्या आठवड्यात ५०० मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्व ९ असलेल्या रुग्णेत या औषधाने रक्तातले फॉस्फेट घसरू शकते, स्नायू दुखतात, थकवा वाढतो आणि दोष गव्हाला दिला जातो. म्हणून ड जीवनसत्त्व आधी सुरू केले आणि दोन आठवड्यांनी फॉस्फेट तपासले.

दुसऱ्या आठवड्यापासून पोट पूर्वीसारखे फुगू लागले. आठव्या आठवड्यात टीटीजी १२८ च्या वर, म्हणजे यंत्र मोजू शकते त्याच्या पलीकडे.

दुर्बीण पुन्हा. या वेळी सहा तुकडे: दोन ड्युओडेनमच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून, चार त्याच्या पुढच्या भागातून, आणि चिमटा एकदा आत गेला की एकच तुकडा. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण एका फेरीत दोन तुकडे घेतले की पहिला चेंगरतो. शिवाय सीलिअ‍ॅकचा घाव ठिकठिकाणी विखुरलेला असतो. दोन तुकड्यांत तो हुकू शकतो. आणि तुकडा तिरका कापला गेला तर अस्तरावरचे बोटांसारखे उंच अंकुरही बुटके दिसतात, किंवा बुटके अंकुर ओळखूच येत नाहीत. रुग्णेच्या जुन्या काचपट्ट्या मागवून पाहिल्या तेव्हा तेच निघाले: दोन्ही तुकडे तिरके कापलेले.

नव्या अहवालात आतड्याचे अंकुर बरेचसे झिजलेले, त्यांच्या तळाच्या खाचा लांबलेल्या, इजेच्या मार्श मोजपट्टीवर ३-बी. अस्तराच्या दर १०० पेशींमागे साधारण ६० लिम्फोसाइट. २५ पर्यंत ठीक मानतात. जिआर्डिया हा परजीवी नाही, क्षयाच्या गाठी नाहीत. आपल्याकडे अंकुर झिजण्याची कारणे अनेक आहेत: ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डिया, क्षय, प्रतिकारशक्तीतली उणीव (सीव्हीआयडी), रक्तदाबाचे ओल्मेसार्टन हे औषधसुद्धा. नुसत्या तुकड्यावर सीलिअ‍ॅक म्हणू नये. टीटीजी, तुकडा आणि पथ्यानंतरचा उतार अशी तिन्ही जुळली की निदान पक्के.

बिघाड नेमका कुठे

इथे थोडे थांबायला हवे. पथ्य नुसती यादी म्हणून हातात ठेवले की लोक त्यात सवलती शोधतात.

आतड्याच्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर भरते (टेनिस कोर्टाएवढे, हा जुना आकडा अलीकडच्या मोजणीत टिकला नाही). पेशींचा थर एकच, आणि तोही दर चार-पाच दिवसांनी नवा. एका बाजूला वरणभात, दूध आणि अब्जावधी जिवाणू. दुसऱ्या बाजूला शरीरातला प्रतिकारपेशींचा सर्वांत मोठा साठा. या साठ्याने समोर येणाऱ्या प्रत्येक परक्या प्रथिनावर शस्त्र उगारले तर माणूस जेवूच शकणार नाही. म्हणून आतड्यात ‘सोडून दे’ हा पहिला हुकूम असतो, आणि तो आपोआप पाळला जात नाही, रोज पाळून घ्यावा लागतो. १९११ मध्ये वेल्स आणि ऑस्बोर्न यांनी गिनीपिगना मक्याचे अन्न खाऊ घातले आणि नंतर त्याच मक्याचे प्रथिन टोचले. आधी खाल्लेल्या प्राण्यांना तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आला नाही. तोंडावाटे येणारी सहनशीलता ती हीच.

ती घडते अशी. अस्तराखालच्या डेंड्रिटिक पेशी अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे उचलतात आणि आतड्याच्या पडद्यातल्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात. या पेशींजवळ अ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनवण्याचे एन्झाइम असते. रेटिनोइक आम्ल आणि टीजीएफ-बीटा असे दोन संकेत एकत्र मिळाले की कोरी टी-पेशी फॉक्सपी-३ हे जनुक चालू करून नियामक, म्हणजे दाह आवरणारी, टी-पेशी बनते. त्याच वेळी तिच्यावर अल्फा-४ बीटा-७ आणि सीसीआर-९ असे दोन पत्ते लिहिले जातात, म्हणजे ती रक्तातून फिरून नेमकी आतड्यातच परतते. परतल्यावर तिथल्या मॅक्रोफेज पेशी आयएल-१० हा संदेश-रेणू सोडून तिची संख्या वाढवतात. शिवाय प्लाझ्मा पेशी दिवसाला काही ग्रॅम आयजीए आतड्याच्या पोकळीत सोडतात. हे आयजीए जिवाणूंना आणि अन्नकणांना बांधून ठेवते, पण दाह पेटवत नाही. मोठ्या आतड्यात तंतुमय अन्नावर जगणारे जिवाणू ब्युटिरेट बनवतात आणि तेही नियामक पेशींना हात देते.

ही व्यवस्था किती नाजूक तोलावर आहे ते दोन जन्मजात दोषांत दिसते. फॉक्सपी-३ बिघडलेल्या बालकांना पहिल्या महिन्यांतच जीवघेणे जुलाब लागतात. आयएल-१० चा ग्राहक (रिसेप्टर) बिघडला तर तान्ह्या वयातच मोठ्या आतड्याचा तीव्र दाह सुरू होतो. या दोन्हींत दिवाळखोरी सगळ्या दुकानाची असते. आपल्या रुग्णेत मात्र एकच खाते बुडाले आहे: गव्हाचे. तूर, वांगे, दूध यांच्याविषयीची तिची सहनशीलता शाबूत आहे. १९ पदार्थ सोडणे निरर्थक होते ते म्हणून.

ग्लुटेनचेच खाते का बुडते? त्यात प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्ले इतकी दाट असतात की पेप्सिन, ट्रिप्सिन यांची कात्री चालत नाही. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा अखंडच आतड्यात पोहोचतो. अस्तराखाली टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी, हे एन्झाइम त्यातल्या काही ग्लुटामीनचे ग्लुटामिक आम्ल करते. त्यामुळे तुकड्यावर ऋण भार येतो, आणि डीक्यू२ च्या खोबणीत तो किल्लीसारखा बसतो. किल्ली बसली की टी-पेशी जागी होते.

तरीही डीक्यू२ असलेली बहुतेक माणसे आयुष्यभर पोळ्या खातात आणि त्यांना काही होत नाही. उत्तर भारतात हा आजार शंभरात साधारण एकाला, आणि जनुक तर दर तिसऱ्याकडे. मधला दुवा आयएल-१५ हा संदेश-रेणू असावा. ताण पडलेल्या अस्तराच्या पेशी ते सोडतात. २०११ मध्ये उंदरांवर दाखवले गेले की ज्या रेटिनोइक आम्लाने एरवी नियामक पेशी घडतात, त्याच्याच जोडीला आयएल-१५ असेल तर डेंड्रिटिक पेशी उलट दाहक बनतात. सहनशीलतेचा जो स्वयंपाक, त्याच भांड्यात विष. आयएल-१५ हल्लेखोर टी-पेशींना नियामक पेशींचे ऐकू येईनासे करते. आणि अस्तरात बसलेल्या लिम्फोसाइटना ते मारक पेशी बनवते; त्या एनकेजी-२-डी या ग्राहकाने ताणाखालची पेशी ओळखून मारतात. बायोप्सीतले १०० मागे ६० ते हेच. अंकुर ग्लुटेनने झिजत नाहीत, स्वतःच्याच लिम्फोसाइटनी झिजतात. २०१७ मध्ये उंदरांत असेही दिसले की एरवी निरुपद्रवी रिओव्हायरसचा संसर्ग नेमक्या वेळी झाला तर अन्नाविषयीची सहनशीलता मोडू शकते. माणसात ठिणगी दर वेळी कोणती, ते अजून नक्की नाही.

प्रतिपिंडांचे कोडे तर आणखी मजेदार. हल्ला गव्हावर, मग प्रतिपिंडे शरीराच्याच टीटीजी एन्झाइमविरुद्ध का? टीटीजी ग्लुटेनला चिकटून बसते. टीटीजी ओळखणारी बी-पेशी ते गाठोडे गिळते, पण पृष्ठभागावर ग्लुटेनचा तुकडा मांडते. ग्लुटेन ओळखणारी टी-पेशी येऊन तिला मदत करते, आणि बी-पेशी टीटीजीविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. गहू बंद झाला की गाठोडे नाही, मदत नाही, आणि स्वतःविरुद्धची प्रतिपिंडेही उतरतात. बाहेरचा घटक काढला की स्व-प्रतिपिंडे मावळतात असा स्वप्रतिकाराचा आजार विरळा. टीटीजीचा आकडा म्हणूनच पथ्याचा हिशेब तपासणारा मुनीम ठरतो. सात महिन्यांच्या अर्ध्या पथ्यावर तो २४ पर्यंत उतरला होता, तो याच हिशेबाने.

पथ्य, आणि ते का अडले

पहिल्या दिवशी सांगितले ते थोडक्यात: गहू आणि जव पूर्ण बंद. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरड्या, पाव, माल्टची पेये, बिअर, सोया सॉस. शरबती गहू हलका आणि खपली गहू ‘चालतो’ हे दोन समज स्वतंत्रपणे खोडून काढावे लागले. दोन्हींत ग्लियाडिन हा ग्लुटेनचा घटक आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी मोकळ्या. उपासाचा डबा हाच या पथ्याचा तयार पाया. एकादशीचा फराळ जमणाऱ्या घराला सीलिअ‍ॅक जमतो. दूध सहा आठवडे कमी, कारण झिजलेल्या अंकुरांवर लॅक्टेज उरत नाही, दही चालते. कॅल्शियम, ड, फॉलिक आम्ल, बी-१२. फुप्फुसदाहाची न्यूमोकोकल लस, कारण सीलिअ‍ॅकमध्ये प्लीहा मंदावू शकते.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६, वजन ४९. सहाव्या महिन्यात टीटीजी ४१. नवव्या महिन्यात ४४. पोट पुन्हा अधूनमधून बिघडू लागले.

आकडा उतरायचा थांबला की कारण नव्वद टक्के वेळा स्वयंपाकघरात असते असे आम्ही धरून चालतो. ‘पथ्य न जुमानणारा सीलिअ‍ॅक’ हे निदान फार पुढचे, किमान वर्षभराच्या कडक पथ्यानंतरचे. म्हणून आहारतज्ज्ञाने घरी बसून एका दिवसाचा स्वयंपाक पाहिला.

सर्वांना आधी हिंगाचा संशय आला. रास्तच आहे, दुकानातला बांधानी हिंग डिंकाबरोबर गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ घालून बनवतात, आणि या घरातल्या डबीवर ‘गव्हाचे पीठ’ असेच छापलेले होते. पण हिशेब करून पाहू. एका फोडणीत अर्धा ग्रॅम हिंग, त्यात निम्मे पीठ धरले तर पाव ग्रॅम, म्हणजे साधारण २५ मिलिग्रॅम ग्लुटेन; पाचांत वाटले की वाट्याला ५. दोन फोडण्यांचे १०. रोज १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना बाधत नाही, आणि ५० मिलिग्रॅम रोज, तीन महिने, याने अस्तराला इजा झाल्याचे चाचणीत दिसले आहे. हिंग बदलायलाच हवा. तांदळाच्या पिठातला मिळतो. पण ४४ हा आकडा एकट्या हिंगाचा नव्हता.

खरा गुन्हेगार चक्कीवर होता. ज्वारीचे ५ किलोचे दळण कोपऱ्यावरच्या चक्कीत, गव्हाच्या पाठोपाठ. दगडांच्या फटीत, नळीत, कापडी पिशवीत उरलेले १०० ग्रॅम गव्हाचे पीठ जरी त्यात आले, तरी प्रमाण २ टक्के. किलोमागे १८०० मिलिग्रॅम ग्लुटेन. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्याची कायदेशीर मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम. दिवसाच्या तीन भाकऱ्या १५० ग्रॅमच्या, म्हणजे २७० मिलिग्रॅम. हिंगाच्या वीसपटीहून जास्त, आणि तेही ज्या पदार्थाला सारे घर औषध समजत होते त्यातून. पाच पायली आधी तांदूळ दळून घेतला तरी भरवसा नाही. घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू एकदाही घालायचा नाही हा नियम केला. ज्वारी परातीत निवडायची, कारण पोत्यातच गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. धुऊन, वाळवून मग दळायची.

बाकीचे शोध लहान, पण खरे. पीठ चाळायची चाळणी एकच होती. तिची जाळी धुऊन स्वच्छ होत नाही, म्हणून वेगळी. लाकडी पोळपाट-लाटणे वेगळे. लोखंडी तव्यावर आधी भाकरी, मग पोळी. उलट झाले की तव्यावर जळलेली पिठी भाकरीला लागते. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडा नको. सासूबाई पोळ्या लाटताना लावायची पिठी ओट्यावर उडत होती. पोळ्या शेवटी लाटायच्या आणि रुग्णेचे ताट त्याआधी झाकून ठेवायचे असे ठरले.

बाहेर खाण्याचे काय, हा इंदूरमधला सर्वांत कळीचा प्रश्न. सकाळचे पोहे तांदळाचे, पण वरची सेव कोणत्या कढईत तळली आणि जीरावणात (पोह्यांवरच्या मसाल्यात) कोणता हिंग आहे ते विचारायला हवे. पोह्यांशेजारची जिलेबी मैद्याची. साबुदाण्याची खिचडी सहसा निर्धोक. सराफ्यातला (रात्रीच्या खाऊबाजारातला) भुट्ट्याचा कीस मक्याचा, हिंगाचा प्रश्न सोडला तर चालणारा. गराडू हा कंद. पण कचोरीच्या तेलात तळला असेल तर नाही. मावा-बाटी नाही.

सत्यनारायणाच्या प्रसादावर सासूबाईंचा एकच प्रश्न होता: “अहो, एवढ्याशा प्रसादानं काय होतंय?” उत्तर आकड्यातच दिले. एका चमच्याच्या शिऱ्यात अडीच-तीन ग्रॅम रवा, म्हणजे अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. पाच दिवसांची इजा एका चमच्यात. पुढच्या पूजेला त्यांनी स्वतःच तांदळाच्या रव्याचा शिरा केला. गणपतीत अडचण आलीच नाही. उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी, आणि तीही आता घरच्या घरघंटीची. पुरणपोळी मात्र जमलेली नाही. ज्वारी-तांदळाच्या उकडीत पुरण भरून पाहिले, फुटते.

चक्की बदलल्यावर सहा महिन्यांनी टीटीजी १४, वर्षाने ६. एएलटी २४, यकृतासाठी वेगळे काही करावे लागले नाही.

मुले

पहिल्या फळीतल्या नातेवाइकांत दहात एकापर्यंत हा आजार सापडतो, म्हणून दोन्ही मुलांची टीटीजी केली. मुलाची निगेटिव्ह, दोन-तीन वर्षांनी पुन्हा. मुलीची १२८ च्या वर, तक्रार काहीच नाही, फक्त वर्गात सर्वांत बुटकी. टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त, आणि वेगळ्या वेळी काढलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी प्रतिपिंडेही पॉझिटिव्ह, असे असेल तर २०२० च्या युरोपीय बालरोग मार्गदर्शिकेनुसार मुलांत बायोप्सी टाळता येते. तिची टाळली. पथ्यावर वर्षभरात ती ७ सेंटीमीटर वाढली. तिच्या डब्यात पोळीचा रोल नसतो म्हणून वर्गात चिडवतात, याचा इलाज अजून सापडायचा आहे.

लग्नातली उलटी

टीटीजी ६ आल्यावर दोन महिन्यांनी रुग्णा उज्जैनला लग्नाला गेल्या. बेसनाची म्हणून कढी घेतली. घट्ट येण्यासाठी आचाऱ्याने त्यात मैदा लावला होता. दोन तासांनी जोराच्या उलट्या, पोटात कळा, गळाठा. तिथल्या डॉक्टरांनी विषबाधा समजून अँटिबायोटिक लिहिले.

एवढ्या लवकर अंकुर झिजत नाहीत. ग्लुटेन ओळखणाऱ्या स्मृती टी-पेशी पथ्याने मरत नाहीत, वर्षानुवर्षे निजून राहतात. अशा रुग्णाने ग्लुटेन खाल्ले की काही तासांतच रक्तात आयएल-२ चढते, साधारण चौथ्या तासाला शिखर गाठते, आणि उलटी-मळमळ त्याच घड्याळावर चालते. पथ्य जितके कडक, तितकी ही प्रतिक्रिया कित्येकदा जोरात. आकडा ६ आला म्हणजे सहनशीलता परतली असे नाही. समोर वस्तू नाही म्हणून हल्ला नाही, एवढेच. बुडालेले खाते पुन्हा उघडण्याचे प्रयत्न चालू आहेत: ग्लुटेनचे अंश सूक्ष्म कणांत बांधून शिरेवाटे देणे, किंवा टीटीजी एन्झाइमच अडवणारे औषध, ज्याने २०२१ च्या चाचणीत रोज ३ ग्रॅम ग्लुटेन खाणाऱ्यांच्या अस्तराची इजा कमी झाली. दवाखान्यात लिहून द्यावे असे यातले काही अजून नाही.

रुग्णेला सांगितले ते असे. अशा वेळी अँटिबायोटिक नको. जलसंजीवनी घोट घोट, दोन दिवस पेज आणि ताक. एका चुकीने टीटीजी बहुधा हलणार नाही, म्हणून लगेच तपासू नये. ठरलेल्या वेळी, सहा महिन्यांनी. उलटी थांबत नसेल, चक्कर येत असेल किंवा शौचात रक्त दिसले तर मात्र ते ग्लुटेनवर न ढकलता दाखवायला यावे. आणि लग्नाला जाताना डबा.